गुलाबी थेंबातले दाणे

मे महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, जुन्या महामार्गावर कार्ला फाटा आणि वळवण यांच्यामध्ये कोंडीत थांबलेल्या टेम्पोत आमच्या घरची गाय गाभडली. तिला आठवा महिना चालू होता. वासरू मेलेले होते. टेम्पोत तेव्हा चार माणसे होती: चालक, माझा थोरला भाऊ, वहिनी आणि मी. गाय लोणावळ्याच्या पुढे एका गोशाळेत चालली होती. नऊ दिवसांपूर्वी तिच्या रक्ताच्या तपासणीत ब्रुसेलाचा जंतू असल्याचा निष्कर्ष निघाला होता. या रोगाने गाई गाभडतात, आणि तो माणसांनाही होतो.

आमचे गाव कान्हे स्थानकापासून पायी अर्ध्या तासावर आहे. दादा तळेगावच्या एका कंपनीत कामाला आहे. मी पुण्यात एका दैनिकात संपादकीय विभागात काम करतो आणि सुट्टीला गावी जातो. गोठा वहिनीचा. त्यात पाच गाई होत्या. त्यांतली ही वहिनीने बाटलीने दूध पाजून वाढवलेली, कारण तिची आई ती जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी मेली होती. दोन महिने वहिनी रात्रीची उठून तिला पाजत असे. वासरू जगले, पण खुरटे राहिले. तिचे नाव कोणी ठेवले नाही. वहिनी तिला 'बाय' म्हणायची.

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत गावात लसीकरणाचे शिबिर झाले. लस ब्रुसेलाचीच होती आणि ती चार ते आठ महिन्यांच्या कालवडींनाच देतात, आयुष्यात एकदा. शेजारच्या गावात त्या उन्हाळ्यात दोन गाई गाभडल्या होत्या. वहिनीने ते ऐकले होते. आमची कालवड तेव्हा सव्वा वर्षाची होती. आधीचे शिबिर आमच्या गावाला मिळाले नव्हते.

मी त्या दिवशी घरी होतो. शाळेच्या ओट्यावर प्लॅस्टिकचा कागद बांधला होता आणि त्याखाली लस देणारे सहायक बसले होते. प्रत्येक जनावराचा एक कागद भरायचा होता. वहिनीने तो माझ्या हातात दिला.

"भावजी, तुमी लिवा. तुमचं अक्षर चांगलंय. वय सहा महिनं लिवा."

"वहिनी, ही सव्वा वर्षाची आहे."

"बारकी हाय ना पण. दिसती का सव्वा वर्साची? नीट बगा जरा."

"दिसत नाही. पण आहे."

"तुमाला शाळंत घातलं तवा मास्तरानं एक जून लिवला. तवा कुणी इचारलं का, पोरगं कवा झालं? तुमचं चालतं, आन माझ्या बायचं न्हाई व्हय?"

रांगेतली माणसे हसली. माझी जन्मतारीख कागदोपत्री एक जून आहे, माझ्या वयाच्या गावातल्या जवळजवळ सगळ्यांची आहे. मी कार्तिकात जन्मलो, एवढे आई सांगायची. मी कागदावर 'सहा महिने' लिहिले.

सहायकाने कालवडीकडे पाहिले. "सहा महिन्यांची? काय घालता काय हिला?"

"आईविना वाढलीय सायेब, पण खाती लय," वहिनी म्हणाली.

त्याने लस टोचली आणि कानात पिवळा बिल्ला मारला. बिल्ल्याचा क्रमांक आणि मी लिहिलेले वय त्याच दिवशी मोबाइलवर चढले. घरी येताना वहिनी कालवडीच्या अंगावर छत्री धरून चालत होती आणि स्वतः भिजत होती.

गाय पुढे वेळेवर माजावर आली, पहिल्या वेताला नीट व्याली, चांगले दूध दिले. दुसऱ्यांदा गाभण राहिली. या मे महिन्याच्या सुरुवातीला वहिनीने तिचे दूध आटवले होते.

त्याच सुमारास पुतणी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिला नववा महिना लागत होता. दोघींचे दिवस एका महिन्यात भरतील, असे वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती.

आमचे दूध घेणाऱ्या खासगी डेअरीने या वेळी गाईंच्या रक्ततपासणीचे शिबिर भरवले होते. त्या रविवारच्या नऊ दिवस आधी, शुक्रवारी सकाळी त्यांचे डॉक्टर आमच्या गोठ्यात आले. मी तिथे नव्हतो. पुढचे वर्णन दादाने आणि त्या डॉक्टरांनी नंतर मला वेगवेगळे सांगितले, दोन्ही जुळतात. पाचही गाईंचे रक्त घेतले. रक्ताचा साका खाली बसल्यावर वरचे पिवळसर पाणी घेऊन पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर त्याचे पाच थेंब टाकले. प्रत्येकात गुलाबी रंगाच्या औषधाचा एक थेंब. काडीने ढवळून फरशी हातात घेऊन चार मिनिटे हलवायची. थेंब एकसारखा गुळगुळीत राहिला तर गाय निरोगी. दाणे धरले तर नाही. चार थेंब तसेच राहिले. पाचव्यात रव्यासारखे दाणे दिसू लागले.

डॉक्टरांनी ती चाचणी दुसऱ्यांदा केली. पुन्हा दाणे आले.

"लस दिली होती का?" त्यांनी विचारले.

"दिलती," वहिनी म्हणाली.

"कितव्या महिन्यात?"

"सहाव्या."

डॉक्टरांनी कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक मोबाइलवर टाकून नोंद पाहिली. नोंदीत सहा महिने होते. एवढ्या लहानपणी दिलेल्या लशीचा परिणाम इतकी वर्षे टिकत नाही, असे त्यांनी सांगितले. तरीही ही पहिली चाचणी आहे, रक्त पुण्याला पाठवतो, पंधरा दिवस गाय वेगळी बांधा आणि तोपर्यंत काही ठरवू नका, असेही ते म्हणाले. त्यांनी एक कागद दिला.

वहिनीने गाय घरामागच्या आंब्याखाली बांधली. तिचे पाणी वेगळे, घमेले वेगळे केले. पुतणीला तिने मागच्या दारी फिरकू दिले नाही.

पंधरा दिवस कोणी थांबले नाही. शनिवारी दूध संकलन केंद्रावरून निरोप आला की ती गाय दारात असेपर्यंत आमच्या घरचे दूध घेऊ नये, असे वरून सांगितले आहे. मंगळवारी पुतणीच्या सासूचा सुदुंबऱ्याहून फोन आला. दादाने तो फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला होता.

"विहीणबाई, गाय तरी ठिवा नायतर आमची सून तरी पाठवा. दोन्ही एका दारात नकोत."

"परड्यात बांधलीय ओ. तिकडं कुनी जात न्हाई," वहिनी म्हणाली.

"तुमी जाता ना? आन त्याच हातानं भाकरी करता ना?"

हे बोलणे दादाने मला नंतर सांगितले.

त्याच संध्याकाळी आठ वाजता त्याने मला कार्यालयात फोन केला. ती आमची पाने छपाईला सोडायची वेळ असते. मी फोन खांद्यावर धरून बोलत होतो.

"डॉक्टर म्हणत्यात पंधरा दिवस थांबा," दादा म्हणाला. "हिकडं कुनी थांबू देईना."

"डॉक्टरांनी लेखी दिलंय का काही?"

"दिलंय."

"काय लिहिलंय?"

"पॉझिटिव्ह."

"लशीमुळं असेल का, विचारलंस?"

"इचारलं. नोंद सहा महिन्याची हाय. म्हून लशीमुळं न्हाई म्हणले."

"मग थांबून काय वेगळं कळणार? घरात गरोदर पोरगी आहे."

"हलवू म्हणतोस?"

"हलवा. रविवारी मला सुट्टी आहे. मी येतो."

फोन चार मिनिटांच्या आत संपला. तीन वर्षांपूर्वीचा कागद मला त्या वेळी आठवला नाही. डॉक्टरांच्या कागदावर 'पॉझिटिव्ह' या शब्दाखाली बारीक अक्षरात 'प्राथमिक चाचणी, खात्रीची तपासणी आवश्यक' असे छापलेले होते. ते दादाने वाचले नाही आणि खाली आणखी काही आहे का, हे मी विचारले नाही.

गोशाळा एका ओळखीच्या माणसाने सुचवली. अशा जनावरांसाठी तिथे कुंपण घातलेला वेगळा वाडगा होता. वाहतुकीचा दाखला शनिवारी मिळाला.

रविवारी सकाळी नऊला टेम्पो आला. वहिनीने गाईच्या कपाळाला हळदकुंकू लावले. पुतणी खिडकीतून पाहत होती. तिला बाहेर येऊ नको असे सांगितले होते. फळीवरून गाय चढेना. तिचे पोट मोठे होते आणि फळी चढाची होती. वहिनी आधी स्वतः वर गेली, मग गाय तिच्यामागे गेली.

"म्होरं बस की, केबिनमधी," दादा म्हणाला.

"मी हितंच."

मग दादा आणि मीही मागेच उभे राहिलो. कामशेतपर्यंत रस्ता मोकळा होता. कार्ला फाट्याच्या पुढे गाड्या थांबलेल्या दिसल्या. मे महिन्यातला रविवार आणि लोणावळ्याकडे जाणारा रस्ता. हे तालुक्यातल्या कोणालाही माहीत असते. दिवस मी निवडला होता, कारण सुट्टी माझी होती.

चालक उतरून मागे आला. "लय लांबपर्यंत हाय. भाऊ, रयवारी जनावर सोडा, माणूस बी लोणावळ्यात नेऊ नये."

दहा वाजल्यापासून साडेबारापर्यंत टेम्पो दीड किलोमीटर सरकला. वर ताडपत्री नव्हती. आम्ही नेलेले दोन कॅन पाणी अकरापर्यंत संपले. दादा कडेच्या हॉटेलातून आणखी आणत होता. वहिनी पदर भिजवून गाईच्या मानेवर, पाठीवर फिरवत होती. शेजारच्या मोटारीतल्या एका बाईंनी काच खाली केली आणि काकडीचे अर्धे तुकडे पुढे केले. गाईने हुंगले, घेतले नाहीत. बाईंनी मोबाइलवर तिचा फोटो काढला.

अकरानंतर गाय थरथरू लागली. ती शेपूट वर धरून उभी राही, पाय बदली. वहिनीने मागून पाहिले आणि दादाला म्हणाली, "हिला कळा हायेत."

पुढे किंवा मागे जायला जागा नव्हती. दादाने तीन ठिकाणी फोन लावले. गाय खाली बसली, उठली, पुन्हा बसली. साडेबाराला वासरू पडले. वहिनीने त्याचे तोंड पुसले, नाकात बोट घालून चिकटा काढला, छाती चोळली. ती बराच वेळ चोळत होती. दादाने तिचा हात धरला तेव्हा ती थांबली.

"कालवड हाय," ती म्हणाली.

तिने ते पोत्यात गुंडाळून एका बाजूला ठेवले. चालक म्हणाला, "म्हंजे रिपोर्ट खरा निघाला." पाऊण वाजता सुदुंबऱ्याहून पुतणीच्या सासूचा फोन आला. दादा म्हणाला, "व्हय. गाभडली. वाटंतच." पलीकडचे ऐकून त्याने फोन ठेवला. काय म्हणाल्या, असे मी विचारले. "बरं झालं हलवली म्हणल्या."

आम्ही पावणेतीनला गोशाळेत पोहोचलो. तिथे येणाऱ्या डॉक्टर तिशीतल्या बाई होत्या. त्यांनी हातमोजे घालून आधी वासरू पाहिले, मग गाय. वासरामागून पडायची वार अजून पडली नव्हती. त्यांनी सलाईन लावले आणि दादाकडून कागद घेतले. नंतर गाईचा खालचा ओठ खाली ओढून दात पाहिले. कागद पुन्हा वाचले.

"मावशी, वय किती हिचं?"

"त्यात हाय," वहिनी म्हणाली.

"यात लशीच्या वेळी सहा महिने लिहिलंय. म्हणजे आज तीन वर्षं चार महिने. हिचे आठही दात पुरे आलेत. ही चाराच्या पुढची आहे. बिल्ला बदललाय का?"

"न्हाई ओ," दादा म्हणाला. "घरचीच हाय. पयल्यापासून त्योच बिल्ला."

"मावशी?"

वहिनीचा हात गाईच्या मानेवर होता. ती डॉक्टरांकडे न बघता बोलली.

"सव्वा वर्साची होती. लस टोचली तवा."

"मंग त्या दिवशी डॉक्टरला सहा का सांगितलं?" दादाने विचारले.

"कागदाव तेच हाय."

"कागदाव हाय म्हून?"

"मला वाटलं," वहिनी म्हणाली, "येळ गेल्याव दिली म्हून त्या लशीनंच तिला रोग धरला. मीच दिला रोग. तसं कसं सांगू?"

सहा हा आकडा मी लिहिला होता, असे मी डॉक्टरांना सांगितले. त्यांनी मान हलवली. त्यांना आकड्याशी काम होते, तो कोणी लिहिला याच्याशी नव्हते.

त्यांनी जे समजावले ते मी तिथेच टिपून घेतले. त्या लशीत तोच जंतू असतो, पण अशक्त केलेला. तो शरीरात गेला की रक्त त्याच्याविरुद्ध खुणा तयार करते. लहान वयात लस दिली तर त्या खुणा काही महिन्यांत पुसल्या जातात. कालवड मोठी झाल्यावर दिली तर काही जनावरांत त्या वर्षानुवर्षे राहतात. गुलाबी थेंबाची चाचणी त्या खुणा शोधते. खुणा रोगाच्या आहेत की लशीच्या, हे तिला कळत नाही. म्हणून डॉक्टर वय विचारतात.

"म्हंजे रोग न्हाई?" वहिनीने विचारले.

"तसं आज सांगता येणार नाही, मावशी. आता गाभडली आहे, त्यामुळे तर अजिबात नाही. वासराच्या पोटातलं पाणी पुण्याला पाठवते. तिथं जंतू वाढतो का बघतील. वाढला तर रोग, नाही वाढला तर नाही. तीन आठवडे लागतील."

"आन त्या रक्ताचं? ते पुण्याला गेलंय ते?"

"तेही खुणाच बघतात. बहुतेक आधीसारखंच येईल."

त्यांनी वासराच्या जठरातला द्रव काढून बाटलीत घेतला आणि बर्फात ठेवला. वासरू चुना टाकून पुरले.

वहिनीला तिथे राहायचे होते. गोशाळेत तशी सोय नव्हती. सोमवारपासून ती सकाळी कान्ह्याहून लोकलने लोणावळ्याला जाऊ लागली आणि पुढे रिक्षाने. फडक्यात भाकरी बांधलेली असे. वाडग्यात जाताना गमबूट घालायचे, बाहेर येताना औषधाच्या पाण्यात पाय बुडवायचे आणि हात कोपरापर्यंत धुवायचे, असा तिथला नियम होता. घरी आल्यावर ती अंघोळ करून मगच स्वयंपाकघरात जायची. मंगळवारी गाईने अर्धी भाकरी खाल्ली, असे तिने मला फोन करून सांगितले. वार काढावी लागली होती, ती पूर्ण निघाली नव्हती. गुरुवारी गाईला ताप भरला आणि तिने पाणी पिणे सोडले.

शुक्रवारी सकाळी सव्वासातला गोशाळेतून दादाला फोन आला. वहिनी तेव्हा कान्हे स्थानकावर होती. दादाने तिला फोन करून गाय गेल्याचे सांगितले आणि परत ये म्हणाला. ती आलेल्या गाडीत बसली आणि लोणावळ्याला गेली. नोंदीत गाय अजून बाधितच होती, त्यामुळे तिला जवळ जाऊ दिले नाही. यंत्राने खड्डा खणेपर्यंत आणि तो बुजवेपर्यंत ती कुंपणाबाहेर उभी होती. नंतर तिथल्या एका माणसाने तिला चहा दिला. तो तिने घेतला.

महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात पुतणीला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. सासरच्यांनी सांगितल्यामुळे बाळंतिणीसाठी पिशवीचे दूध आणले जात होते. जून सुरू होताच रक्ताचा पुण्याचा अहवाल आला. पहिल्या चाचणीसारखाच होता. तो कोणी वहिनीला वाचून दाखवला नाही.

वासराच्या नमुन्याचा अहवाल जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आला. डॉक्टरांनी तो माझ्या मोबाइलवर पाठवला आणि मागून फोनही केला. मी अहवाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि मग वहिनीला फोन लावला. मागे बाळ रडत होते. ती बाहेर अंगणात आली.

"वहिनी, पुण्याचा अहवाल आला. जंतू वाढला नाही."

"वासराच्या पान्यात?"

"हो. वासरात नव्हता."

"आन बायच्यात?"

"वासरात नव्हता, म्हणजे तिच्यातही असेल असं वाटत नाही, असं डॉक्टर म्हणतात. रक्तात दिसलं ते लशीचं असावं."

आतून पुतणीने तिला हाक मारली.

"आले गं," ती म्हणाली. मग मला विचारले, "मंग भावजी, गाभडली कशानं?"

अहवालात त्यासाठी एक रकाना होता. मी तो तिला वाचून दाखवला. त्यात लिहिले होते: निश्चित करता आले नाही.